वारा होता, वीज नव्हती

भूकंप झाला तो होक्काइदो बेटाच्या दक्षिणेला. आमच्या ओसोनाई गावात मांडणीवरचा कपसुद्धा पडला नव्हता. त्यामुळे पहाटे पाचला गोठ्यातला दिवा लागेना, तेव्हा नुमाजिरी तोमोएला वाटलं की फ्यूज उडाला असेल. तिने फ्यूज बदलून पाहिला. तोवर तिचा नवरा हिसानोरी रस्त्यापर्यंत जाऊन आला आणि म्हणाला, "शेजारी काकुताकडेही अंधार आहे. खालच्या गावातही एक दिवा दिसत नाही."

तासाभराने सेलवरच्या रेडिओने सांगितलं की अख्ख्या होक्काइदोची वीज गेली आहे. एखाद्या गावाची किंवा जिल्ह्याची नाही, पन्नास लाख माणसं राहतात त्या सबंध बेटाची. तोमोए मला नंतर म्हणाली की ते वाक्य तिने ऐकलं, पण ते डोक्यात शिरलंच नाही. तिने रेडिओचं बटण फिरवून दुसरं केंद्र लावलं. तिथेही तेच सांगत होते.

मी त्सुजिनो. ओसोनाईच्या गोठ्यांवरून दूध गोळा करून डेअरीत पोचवणारा टँकर मी बावीस वर्षं चालवला. तोमोए माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी, त्या वेळी एकसष्ट. पूर्वेकडच्या मासेमारीच्या बंदरातून लग्न होऊन आली तेव्हा तिला गाईच्या जवळ उभं राहायचीही भीती वाटायची म्हणे. मी तिला पाहिलं ते मात्र चोपन्न गाईंची मालकीण म्हणूनच. बुटकी, रुंद खांद्यांची, बोलायला फटकळ. गाय व्यायला लागली की डॉक्टरला फोन करायच्या आधी लोक तिला बोलवायचे.

गावात तिचं आणखी एक नाव होतं, 'वारा विकणारी'. बारा वर्षांपूर्वी पवनचक्क्यांची कंपनी गावात आली, तेव्हा सगळे घाबरत होते. गाई बिचकतील, दूध आटेल, पक्षी मरतील, अशी बोलणी चालली होती. तोमोएने मात्र घरामागच्या टेकडीवर तीन पवनचक्क्या उभ्या करायला जागा दिली. सासऱ्यांनी जमीन तिच्या नावावर केली होती, त्यामुळे सही तिचीच लागली. हिसानोरी त्यानंतर महिनाभर तिच्याशी बोलला नाही.

त्यालाही कारण होतं. हिसानोरी नुमाजिरींच्या घरात दत्तक मुलगा म्हणून आला होता. जन्माने तो खाणकामगाराचा मुलगा. त्याचा बाप कोळशाच्या खाणीत आयुष्यभर राबला आणि छातीत कोळशाची धूळ भरून वारला. खाण बंद पडली, वस्ती उठली. हिसानोरीने तेव्हापासून कोळशाबद्दलची बातमी वाचणं सोडून दिलं. पण एक गोष्ट त्याच्या मनात पक्की होती, की हे बेट उजळतं ते त्याच्या बापासारख्या माणसांनी खणलेल्या कोळशावर.

"बर्फाच्या वादळात तुझी पाती काय करतात ते मला माहीत आहे," तो तिला जेवताना म्हणायचा. "घर गरम राहतं ते कोळशामुळे."

"कोळसा संपला की मग काय जाळाल? मला?" ती म्हणायची.

"तू ओली आहेस. धूरच जास्त होईल."

मी त्यांच्या ओट्यावर चहा पिताना अशी भांडणं शेकड्यांनी ऐकली आहेत. दोघंही हरायचे नाहीत. दोघांनाही आपलं बरोबर आहे याची इतकी खात्री होती, की भांडणात राग असा उरलाच नव्हता.

त्या सकाळी मी डेअरीच्या फाटकाशी पोचलो तर फाटक बंद. आतली थंड करायची यंत्रं थांबलेली. चौकीदार म्हणाला, "दूध घेणार नाही. आज नाही, उद्याचंही सांगता येत नाही." मोबाइल लागत नव्हता. गोठ्यांवर निरोप पोचवायला माणूस नव्हता. म्हणून मी रिकामा टँकर घेऊनच निघालो आणि एकेका गोठ्यावर थांबून सांगत सुटलो.

नुमाजिरींकडे पोचलो तेव्हा आठ वाजले होते. गोठ्याचा आवाज लांबूनच ऐकू आला. दूध काढायची वेळ टळली की गाय ओरडते, हे मला माहीत होतं. पण चोपन्न गाई एकदम ओरडताना मी कधी ऐकल्या नव्हत्या. टँकरच्या काचेत तो आवाज थरथरत होता.

तोमोए आणि हिसानोरी हाताने दूध काढत होते. तीन तासांत अकरा गाई झाल्या होत्या. यंत्राच्या सवयीच्या गाई हात लावू देत नाहीत, लाथा मारतात. तोमोएच्या गालावर ओरखडा होता आणि मनगटं सुजून गोल झाली होती. तिने मान वर न करता विचारलं, "टँकर आणलास? टाकीतलं कालचं दूध गरम व्हायला लागलंय."

मी म्हणालो, "तोमोए-सान, डेअरी बंद आहे. दूध ओतून टाका असं सांगितलंय."

"कुठलं दूध?"

"सगळं. टाकीतलं आणि आता काढताय तेही."

हातातली बादली तिने खाली ठेवली आणि तिच्याकडेच बघत बसली. मग पुन्हा त्याच गाईच्या कासेला हात घातला. दूध विकलं जावो न जावो, काढावं तर लागतंच. नाही काढलं तर कास दगडासारखी घट्ट होते, ताप येतो आणि गाय जाते.

काकुताकडे ट्रॅक्टरला जोडून चालणारा जनरेटर होता. काकुता हा शेजारचा एकटा राहणारा म्हातारा, बोलणं मोठं आणि मनही मोठं. तो जनरेटर घेऊन एकेका गोठ्यावर फिरत होता. पाच गोठ्यांत नुमाजिरींचा नंबर चौथा. दुपारी चारच्या आत येणं शक्य नव्हतं.

पण त्याहून आधीचा प्रश्न पाण्याचा होता. एक गाय दिवसाला शंभर लिटर पाणी पिते. विहिरीचा पंप विजेवरचा. गाई कोरड्या कुंड्या चाटत होत्या. मी टँकरमध्ये बसून रेडिओ लावला, पुढे काय म्हणतात ते ऐकावं म्हणून. तिथे एक बाई शांतपणे सांगत होती: ज्यांच्या छपरावर सोलर पॅनेल आहेत त्यांनी मुख्य बटण बंद करावं, यंत्रावरचं स्वतंत्र चालवायचं बटण दाबावं आणि खालच्या सॉकेटमधून वीज घ्यावी.

मी धावत गेलो. नुमाजिरींच्या घराच्या छपरावर सहा वर्षांपासून पॅनेल होती.

"कसलं सॉकेट?" हिसानोरी म्हणाला.

यंत्र न्हाणीघराबाहेरच्या भिंतीवर होतं. त्याच्या खाली एक सॉकेट होतं, त्यावर पांढरं झाकण. त्या झाकणासमोर सहा वर्षं धुण्याची टोपली ठेवलेली. माहितीचं पुस्तक खणात सापडलं, प्लास्टिकच्या पिशवीतूनसुद्धा न काढलेलं. तोमोएने बटण दाबलं, रेडिओची वायर लावली, आणि रेडिओ बोलायला लागला.

ती मागे सरकली. "सकाळपासून," ती म्हणाली, "सकाळपासून हे इथे होतं?"

दूध काढायचं यंत्र त्यावर चालणार नव्हतं, तेवढा दम त्यात नव्हता. पण विहिरीचा छोटा पंप चालला. लांब वायर टाकून आम्ही पंप जोडला आणि पाणी आलं. गाई कुंड्यांवर तुटून पडल्या. वीस मिनिटांनी सूर्यावर ढग आला आणि पंप थांबला. ढग गेल्यावर पुन्हा सुरू झाला. मग घरात होतं नव्हतं ते सगळं आम्ही भरून ठेवायला लागलो: दोन जुने बाथटब, लोणच्याची पिंपं, वासरांच्या बादल्या, टँकर धुवायची माझी टाकीसुद्धा. हिसानोरी बाथटबवर हात ठेवून म्हणाला, "ही आपली बॅटरी." त्या दिवसभरात तेवढंच तो हसला.

दहाच्या सुमाराला तोमोएने हात पुसले आणि म्हणाली, "चल माझ्याबरोबर."

ती टेकडी चढायला लागली. मी मागोमाग. वर वारा एवढा होता की तिच्या डोक्याचा रुमाल उडून कुंपणात अडकला. आणि तिन्ही पवनचक्क्या उभ्या होत्या, थांबलेल्या. पाती वाऱ्याला कड देऊन स्तब्ध. बारा वर्षांत एवढ्या वाऱ्यात त्या थांबलेल्या तिने पाहिल्या नव्हत्या. ती खांबापाशी गेली आणि तळहाताने त्यावर दोनदा थापटलं, गाय उठत नाही तेव्हा थापटतात तसं.

तेवढ्यात कंपनीच्या देखभालीचा माणूस गाडीतून आला. तिशीतला, रात्रभर न झोपलेला. तोमोएने त्याला नमस्कारसुद्धा केला नाही.

"बिघडल्यात का?"

"नाही, ठीक आहेत."

"मग वारा दिसत नाही का यांना?"

"वारा आहे, पण लाइनवर वीज नाही," तो म्हणाला. "यांना फिरायला लागायला, ताल धरायला बाहेरून वीज लागते. विजेच्या तारांचं जाळं मेलं की या आपोआप थांबतात. थांबायलाच हव्यात, नाहीतर लाइनवर काम करणारा माणूस मरेल."

"म्हणजे या वीज देतात की घेतात?"

तो थोडा घोटाळला. "देतात. पण कुणीतरी आधी चालू असावं लागतं."

"मी गावाला सांगितलं होतं," ती म्हणाली. "सभेत उभी राहून सांगितलं होतं, की उद्या सगळं बंद पडलं तरी आपल्या टेकडीवर वीज असेल. मला असंच वाटत होतं. तुमच्यातल्या कुणी मला थांबवलं नाही."

त्या माणसाने टोपी काढली आणि वाकून माफी मागितली. बारा वर्षांपूर्वी तो शाळेत असेल. तोमोए खाली उतरली. रुमाल कुंपणातच राहिला, तो मी काढून आणला.

काकुता चारला नाही, साडेपाचला आला. ट्रॅक्टर घरघरला, यंत्र सुरू झालं आणि गोठ्यातला आरडाओरडा हळूहळू, एकेका रांगेने, शांत होत गेला. दूध नळीतून टाकीत जायचं, पण टाकी भरलेली आणि कोमट. हिसानोरी तोटीपाशी गेला, पण त्याच्याने ती फिरवेना. तोमोएने त्याला बाजूला केलं आणि स्वतः फिरवली. दूध नाल्यातून शेणाच्या खड्ड्यात जायला लागलं. पांढरं, फेसाळ, तपकिरी शेणावर पसरत. आम्ही चौघे तिथे उभे होतो. मी एरवी एक लिटर सांडलं तरी लिहून द्यायचो.

"दर दिवशी दीड टन," काकुता म्हणाला.

पेट्रोल पंप विजेअभावी बंद होते आणि माझ्या टँकरमध्ये डिझेल संपत आलं होतं, म्हणून मी तिथेच थांबलो. संध्याकाळी डब्यातले मासे आणि उकडलेले बटाटे खायला बसलो. रेडिओ चालू होता. दक्षिणेकडचं कोळशाचं मोठं वीजकेंद्र भूकंपाने बंद पडलं होतं. बेटाची जवळजवळ अर्धी वीज त्या एका ठिकाणाहून येत होती. ते पडल्यावर बाकीचे सगळे त्याच्यामागोमाग पडले. तोमोएने नवऱ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता ती बोलणार. बारा वर्षं ऐकून घेतलेलं सगळं परत करणार.

तेवढ्यात रेडिओ म्हणाला की ऑस्ट्रेलियाहून आलेलं कोळशाचं जहाज बंदराबाहेर थांबून आहे, माल उतरवता येत नाही.

"कुठून?" हिसानोरीने विचारलं.

"ऑस्ट्रेलियाहून," मी म्हणालो.

"आपल्या केंद्राला? इथल्या?"

"तुला ठाऊक नव्हतं?" काकुता तोंडातला घास तसाच ठेवून म्हणाला. "त्या केंद्रात बाहेरचाच जळतो. आपला कोळसा आता कुठे राहिलाय? पूर्वेला एक लहानशी खाण आहे तेवढीच. किती वर्षं झाली..."

तोमोएने काकुताच्या गुडघ्याला टेबलाखालून धक्का दिला.

हिसानोरीने जेवायच्या काड्या वाटीवर आडव्या ठेवल्या. त्याचा चेहरा एकदम रिकामा दिसत होता, कुणी हाक मारली पण नाव चुकीचं घेतलं असं काहीतरी. "मग मी एवढी वर्षं कुणासाठी भांडत होतो?" असं तो म्हणाला. तो उठून गोठ्यात गेला. तोमोए दोन बटाटे कागदात गुंडाळून त्याच्यामागे गेली. टोमणा तिने त्या दिवशी मारला नाही, नंतरही कधी मारला नाही. मी हे खात्रीने सांगतो, कारण मी नंतरही रोज जात होतो.

वीज दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आली. पुढच्या पंधरा दिवसांत सात गाईंच्या कासा दगडी झाल्या. दोन मेल्या. कोउमे नावाची तोमोएची सगळ्यात शहाणी गाय जगली, पण तिचं दूध गेलं आणि तिला विकावं लागलं. गाडीत चढवताना तोमोए तिच्या कानात काहीतरी बोलत होती. मी ऐकलं नाही, मुद्दामच.

मार्चमध्ये गावच्या सभागृहात बैठक झाली. शहरातून सूट घातलेले लोक आले होते, पडद्यावर रंगीत रेघा दाखवत होते. एक म्हणाला, पवनचक्क्यांजवळ मोठी बॅटरी बसवली की प्रश्न सुटेल. दुसरा म्हणाला, गॅसवरचं नवं केंद्र हवं, वारा भरवशाचा नाही. तिसरा म्हणाला, समुद्राखालून मोठ्या बेटाला जोडणारी तार जाड करा. तिघेही एकमेकांना अगदी नम्रपणे चुकीचं ठरवत होते.

लोक तोमोएकडे बघत होते. 'वारा विकणारी' काय म्हणते ते ऐकायचं होतं. ती उभी राहिली.

"मला एवढंच सांगा," ती म्हणाली, "पुढच्या वेळी जाळं मेलं, तर तुमच्या बॅटरीने माझ्या गोठ्यातला पंप चालेल का?"

बॅटरीवाला म्हणाला, "ती मुख्य लाइनसाठी आहे. लाइन बंद असली तर..."

"गॅसच्या केंद्राने चालेल का?"

"लाइन पुन्हा सुरू झाल्यावर, नक्कीच." तारवाल्याने तिने विचारायच्या आधीच नकारार्थी मान हलवली.

"म्हणजे तिघांचंही उत्तर नाही असं आहे," ती म्हणाली आणि बसली.

मग मागच्या बाकावरून हिसानोरी उठला. सभेत तो कधी बोलत नसे. त्याने कागदावर लिहून आणलं होतं. सात गोठ्यांचं शेण एकत्र केलं तर गोबरगॅसवर इंजिन चालतं, जोडीला लहान बॅटरी ठेवली आणि आपल्याच तारा सात गोठ्यांना जोडल्या तर जाळ्याशिवायही चालेल, असं त्यात होतं. हिवाळाभर तो शेजारच्या जिल्ह्यातला एक प्रकल्प बघायला जात होता, हे तोमोएलाही माहीत नव्हतं. ती वळून त्याच्याकडे बघत राहिली. तोंड उघडंच.

"दात काढायला जातो म्हणून सांगायचात," ती मोठ्याने म्हणाली. "चार वेळा."

सभागृह हसलं.

त्या उन्हाळ्यात ती त्याला गाडीत घालून दक्षिणेच्या बंदरावर घेऊन गेली. जहाजं बघायला. कुंपणाबाहेरून कोळशाचे काळे डोंगर दिसत होते. रस्त्यावर पडलेला एक तुकडा हिसानोरीने उचलला, बोटांनी घासला, नाकाशी नेला. "बाबांच्यापेक्षा हा चांगला जळेल," तो म्हणाला आणि तुकडा जिथून उचलला होता तिथे परत ठेवला. परतीच्या वाटेवर तोमोएच गाडी चालवत होती. तो काचेला डोकं टेकून बसला होता.

गोबरगॅसच्या परवानगीला तीन वर्षं लागली. एकदा सांगितलं की लाइनमध्ये जागाच नाही, मग म्हणाले नियम बदललाय, मग म्हणाले नवा अर्ज करा. तोमोए दर महिन्याला डब्यात काहीतरी घालून त्या कार्यालयात जायची. तिथली माणसं तिला घाबरायची आणि तिच्या बटाट्याच्या वड्या खायची.

यंत्र सुरू झालं त्याच्या दुसऱ्या हिवाळ्यात बर्फाच्या वादळाने खांब कोसळले. एकतीस तास बाहेरची वीज नव्हती. सात गोठ्यांत दिवे होते. अगदी सुरळीत झालं असं मात्र नाही. थंडीत बॅटरी अपेक्षेपेक्षा लवकर उतरली, इंजिन एकदा अडलं, आणि दोन तास काकुताचा डिझेलचा जनरेटरच ओढत राहिला. काकुताने ते दोन तास पुढे वर्षभर सगळ्यांना ऐकवले. रस्ते बंद म्हणून माझा टँकर पोचला तिसऱ्या सकाळी. टाक्या काठोकाठ भरल्या होत्या. शेवटच्या वेळचं दूध ओतावंच लागलं, पण बाकीचं थंड होतं, चांगलं होतं. मी नळी जोडली तेव्हा तोमोए टाकीवरच्या थर्मामीटरचा आकडा पुनःपुन्हा वाचत होती. तिला तो खरा वाटत नव्हता.

आता गाई त्यांनी एका तरुण जोडप्याकडे सोपवल्या आहेत. दोघंही शहरातली, पण कष्टाळू. तोमोए गोबरगॅसच्या खोलीत रोज सकाळी जाते, काटे बघते, वहीत लिहिते. टेकडीवरच्या पवनचक्क्यांचा करार संपत आला होता. कंपनीने विचारलं, अजून दहा वर्षं ठेवायच्या का. मी तिथेच होतो. तिने कागद हिसानोरीपुढे सरकवला.

"तुम्ही सांगा."

तो बराच वेळ वाचत होता. प्रत्येक पान. मग त्याने चष्मा काढला. "जाळं मेलं की या थांबतात हे आता आपल्याला माहीत आहे," तो म्हणाला. "माहीत असल्यावर ठेवायला हरकत नाही."

तिने सही केली. मग दोघं गोठ्याकडे गेली, कारण त्या जोडप्याने एक गाय अडली म्हणून हाक मारली होती.